बावीस हात

धनकवडीच्या तलावावर पहाटे साडेपाचची बॅच.
डिसेंबर. पाण्यावर वाफ,
वाफेत ट्यूबलाइटचे दोन मोडके पट्टे,
आणि टोपीत केस कोंबत पायऱ्यांवर कुडकुडणारे
आम्ही सातजण, सगळे चाळिशीपलीकडचे.

मी एकोणपन्नास. शिवाजीनगर कोर्टात लघुलेखक.
उजवा खांदा तक्रारखोर.
मार्चमध्ये आठशे मीटर पोहायचं आहे,
म्हणजे बत्तीस वेळा भिंत.

आमच्या कोच झगडे मॅडम. नाव झगडे,
पण पाण्याशी भांडू देत नाहीत.
"मॅडम, आज चाळीस झाल्या," मी धापा टाकत सांगितलं.
"झाल्या. त्यातल्या पोहलात किती?"

मग त्यांनी नियम घातला.
एका फेरीला बावीस हात.
तेविसावा लागला की थांबायचं,
भिंत धरायची, लाज वाटली तर वाटू द्यायची.
कोपर वर. मान उचलायची नाही.
फटीतून पत्र सरकवावं तसा हात आत.
आणि श्वास पाण्यात सोडायचा, सगळा.
"अर्धा राखून ठेवता तुम्ही. कुणासाठी?"

पहिल्या दिवशी सहाव्याच फेरीला तेवीस.
शेजारच्या लेनमध्ये ओसवालकाका, वय एकाहत्तर,
म्हशीसारखे निवांत, येत होते, जात होते,
आणि मी भिंतीला लटकलेली,
दमलेली नसताना.

हेच समजत नव्हतं. दम होता.
छातीत अजून दहा फेऱ्या होत्या.
फक्त हात जरा आखूड पडू लागला होता,
बोटभर. कुणाला दिसलाही नसता.

कुणाला दिसत नाही.
नऊ वर्षांपूर्वी एक साक्ष चालली होती, साडेतीन तास.
वेल्ह्याकडची बाई, हळू आवाजात बोलणारी.
पावणेसहाला माझा हात चालूच होता,
एकशेवीसचा स्पीड, एक शब्द सुटला नाही.
सकाळी वही उघडली:
हात वर केला, की हात वर गेला?
क ची रेघ बारीक, ग ची जाड.
माझी रेघ मधलीच होती.
सगळा खटला त्या रेघेवर उभा,
आणि ती मी काढलेली, न थांबता.

साहेबांना सांगितलं. बोलणी खाल्ली.
बाईला पुन्हा बोलावलं, एका शब्दासाठी,
एसटीनं, कडेवर पोर घेऊन, दिवसाची मजुरी बुडवून.
ती मला काही बोलली नाही.
पिंजऱ्यात उभी राहिली, म्हणाली, "केला."
आणि गेली.

तेव्हापासून मी स्वतःला सांगत आले
की त्या दिवशी मी थकले होते.
थकले नव्हते. हीच तर गोष्ट आहे.

जानेवारीत अकरा फेऱ्या. मग नऊ, सर्दी झाली.
मग चौदा. मग पुन्हा चौदा, आठवडाभर चौदाच,
आणि मी घरी भांडी आपटली.
एका गुरुवारी एकोणीस.
विसाव्या फेरीला मधल्या निळ्या फरशीपाशी
मला तो हात आधीच कळला,
मोजायच्या आधी, खांद्यातून,
जसं चाकं खडखडायच्या आधी
पुढे खडी आहे हे सायकलवाल्याला कळतं.
लांब केला. पाणी तळव्यात आलं.
बावीस.

आठशे अजून झालेलं नाही.
होईल किंवा भिंतीला लटकेन, सगळ्यांसमोर.

पण परवा कोर्टात साक्ष लांबली.
चार वाजून दहा मिनिटं. पेन्सिल नीट चालत होती,
रेघा जाडच्या जाड, बारीकच्या बारीक.
मी हात वर केला.
"साहेब, दोन मिनिटं."
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
एवढ्या वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं.
"थकलात का?"
मी पेन्सिलीला टोक काढत होते.
"नाही साहेब, अजून नाही.
म्हणूनच."